मोरपिशी पहिल्या फेरीत मिळाला

स्वप्न पडलं हेमराजला आणि झोप उडाली माझी.

शुक्रवारची प्रार्थनासभा होती. आमची मंडळी म्हणजे सुरतेच्या पांडेसऱ्यात एका पत्र्याच्या खोलीत जमणारी काही ख्रिस्ती घरं. सगळी खानदेशातून आलेली, कुणी कापड रंगवायच्या डाइंगमध्ये, कुणी लूमवर. गीतं झाली, साक्षीची वेळ आली, तसा हेमराज उठला. हात वर, डोळे मिटलेले.

"प्रभूने मला दर्शन दिलं. पांढरी साडी नेसलेली एक सिस्टर वधस्तंभाखाली उभी होती. हातात दिवा. आणि वाणी झाली की हीच तुझी सहकारिणी." मग त्याने डोळे उघडले आणि बायकांच्या बाजूला माझ्याकडे बघितलं. "त्या आपल्या वर्षा सिस्टर होत्या."

"हालेलूया!" खोली उठून उभी राहिली. ढोलकी वाजली. पाळकीणबाई, म्हणजे पुष्पाबाई, माणसं ओलांडत माझ्यापर्यंत आल्या आणि माझ्या कपाळाचा मुका घेतला. समोर त्यांचे यजमान काशिनाथ पाळक, आमचे पास्टर, डोळे मिटून, मान हलवत तीनदा आमेन म्हणाले.

झालं. ठरलं. एवढी माणसं आनंदाने रडत होती, पण जिचं लग्न ठरत होतं तिला "तुला पटतंय का गं" एवढं विचारायला एकाचीही जीभ वळली नाही.

हेमराज वाईट पोरगा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. प्लेगमध्ये अर्धं सुरत रिकामं झालं, नंतर मिलवाले माणसं शोधत होते, तेव्हा तो नवापूरकडून आला. पलसाण्याच्या एका मिलमध्ये कापड तपासायचा. दारू नाही, तंबाखू नाही. खोड एकच. उठता-बसता "प्रभूने मला सांगितलं". शटल रिक्षा सोडून चालत आला, तर प्रभूने सांगितलं. खरं म्हणजे शटल भरलेली असायची. वांग्याची भाजी ताटात राहिली, तर प्रभूने मन तयार केलं नाही. लोक हसायचे, कौतुकही करायचे. अशा माणसाच्या तोंडात एक दिवस माझं नाव येईल असं मला वाटलं नव्हतं.

मी तेव्हा उधन्याच्या एका दुकानात फॉल-पिकोच्या मशिनवर बसायचे. माझ्या मनात दुसरा कुणी नव्हता. हे पण सांगावं लागतं, कारण दुसऱ्याच दिवशी नळावर बायका सुरू झाल्या: "वर्षा, खरं सांग, दुसरं कोन हाये का गं?" म्हणजे पोरीला नको म्हणायचं असेल तर दुसरा एखादा पुरुष दाखवावा लागतो. तिचं स्वतःचं डोकं पुरत नाही.

पण लोकांचं जाऊ द्या. मला खरी भीती दुसरीच होती. देवाने खरंच सांगितलं असेल तर?

मी विश्वासणारी बाई आहे. तेव्हाही होते. पिकोच्या मशिनवर पाय चालायचा आणि ओठ हलायचे: "प्रभो, तुझी इच्छा असेल तर मला पण सांग. मी ऐकते." मशिनची कटकट तेवढी ऐकू यायची. आणि पोटात एक दगड. हेमराजचं नाव आलं की तो दगड जड व्हायचा. आता त्या दगडालाच देवाचं उत्तर समजावं की नाही? आम्हाला तर शिकवलेलं की आपल्याला जे नको असतं तेच बहुतेक देवाला हवं असतं. आपलं मन म्हणजे देहस्वभाव, ते वधस्तंभावर खिळायचं. हे शिकवणारे सगळे पुरुष, आणि खिळायला घेतलेलं मन दर वेळी बाईचं. हे तेव्हा मला दिसत होतं, बोलायची हिंमत नव्हती.

सोमवारी संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. दारात बजाज स्कूटर लावली, खाटेवर बसले, चहा घेतला. आबा समोर जमिनीवर. माझे आबा, सुपडू त्यांचं नाव, डाइंग हाउसमध्ये जेट मशिन चालवायचे. जेट म्हणजे कापड रंगवायचं मोठं बंद पिंप. आत उकळता रंग आणि गोल गोल फिरणारं कापड. असल्या मशिनपुढे न घाबरणारा हा माणूस काशिनाथ पाळकापुढे मात्र गोगलगाय व्हायचा. त्याला कारण होतं. आबा एके काळी इतके प्यायचे की मायने मला घेऊन शिरपूरला परत जायची पिशवी भरली होती. तेव्हा पाळकसाहेब रोज आमच्या दारात येऊन बसले. आबा शिव्या द्यायचे, ते प्रार्थना करायचे. शेवटी दारू सुटली. हे खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. पण एका माणसाने तुम्हाला गटारातून काढलं म्हणून तुमची पोरगी त्याची होत नाही.

"सुपडूभाऊ, मोठी आशीर्वादाची गोष्ट आहे," पाळकसाहेब म्हणाले.

आबांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते त्यांनाही माहीत नसावं.

माय भाकऱ्या थापत होती. तिचं नाव भागीरथी. शाळा दुसरीपर्यंत, जीभ पुढे बरीच शिकलेली. तिने तव्यावरून मान न वळवता विचारलं, "पाळकसाहेब, देवले मनी आंडेरनं, वर्षानं नाव माहीत शे ना?"

"आहे ना, बाई. डोक्यावरचे केस पण मोजलेले आहेत."

"मंग तिले कसाले नही सांगं? हेमराजलेच कसं सांगं?"

मला हसू फुटलं, ते मी पदरात दाबलं. पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला.

"भागीरथीबाई, देव क्रमाने काम करतो. घराच्या मस्तकाद्वारे बोलतो. मस्तक म्हणजे सुपडूभाऊ. त्यांनी देवाची इच्छा शोधावी. रविवारी भक्तीत मंडळीला सांगावी." मग माझ्याकडे वळले. "आणि वर्षा, तू फक्त नम्र राहा. देवाने पूर्वेला पाठवलं आणि पश्चिमेला पळालं, की माणूस माशाच्या पोटात जातो. कथा माहीत आहे ना?"

माहीत होती. त्या रात्री मला मासा दिसला. त्याला हेमराजसारखी पातळ मिशी होती.

आता सगळं आबांवर आलं. त्यांनी हो म्हटलं की मी हेमराजची. नाही म्हटलं की आबा देवाला आणि पाळकाला, दोघांनाही नाही म्हणणार. आठवडाभर ते बोलले नाहीत. जेवायच्या आधी त्यांची प्रार्थना आधीच लांब. प्लेगपासून सुरू करून शिरपूरच्या म्हशीपर्यंत सगळे तिच्यात यायचे. त्या आठवड्यात ती इतकी लांबली की भाजीवर साय धरली.

"माले काय देखतस, पोरले इचारा," माय एकदा चिडून म्हणाली.

"देवाला विचारतोय ना मी."

"देव काय पळी चालना? पोर आठे समोर बठेल शे. तिले इचाराले काय जास?"

आबांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मला विचारलं नाही. मी पण आपणहून सांगितलं नाही. घरात तीन माणसं, तिघं गुडघ्यावर, आणि एकमेकांशी अबोला. याला आम्ही देवाची इच्छा शोधणं म्हणत होतो.

शुक्रवारी आबांना रातपाळी होती. शनिवारी सकाळी ते परत आले तेव्हा मी दुकानाला निघायच्या तयारीत होते. दारातच बसले. चप्पल काढली नाही. नखं निळी-हिरवी, तोंड चुन्यासारखं.

"काय व्हयनं?" माय धावली. "मशिन फुटनं का?"

"मिळाला," आबा म्हणाले.

"काय मियना?"

"मोरपिशी. पहिल्या फेरीत मिळाला."

मायला वाटलं, झोप न झाल्यामुळे डोकं फिरलं. मलाही तसंच वाटलं. मग पाणी प्यायल्यावर आबांनी सगळं सांगितलं.

आमच्या मंडळीत एक रीत आहे, तिला 'लोकर ठेवणं' म्हणतात. शास्त्रात एका घाबरट शेतकऱ्याची गोष्ट आहे. त्याने देवाची खूण मागितली, रात्री खळ्यात लोकर ठेवली. सकाळी लोकर दवाने ओली आणि बाजूची जमीन कोरडी निघाली, तर देवाचं हो. तेव्हापासून आमचे लोक बारीकसारीक गोष्टीत लोकर ठेवतात. आज पाव्हणा आला तर गावाला जायचं, दिवे गेले तर घर बदलायचं नाही. आता आबांकडे लोकर कुठली? त्यांच्याकडे कापड. त्यांनी जेटपुढे उभं राहून देवाशी बोली केली. आज मोरपिशीचा लॉट आहे. पहिल्या फेरीत शेड मिळाला तर वर्षा हेमराजला द्यायची. नाही मिळाला तर नाही.

हे किती अवघड मागणं होतं ते डाइंगवाल्याच्या घरातल्यालाच कळेल. मोरपिशी म्हणजे निळा आणि हिरवा यांच्यामधला हरामखोर रंग. कधी इकडे झुकतो, कधी तिकडे. कापडाचा तुकडा कापायचा, इस्त्रीने वाळवायचा, पार्टीच्या नमुन्याला लावून बघायचा. जमत नाही. मग जेट थंड करून पुन्हा रंग टाकायचा, पुन्हा तापवायचा. मोरपिशीला असं दोनतीनदा व्हायचंच. त्यांचे डाइंग मास्तर मगनभाई तर मोरपिशीचा लॉट लागला की कापड आत जायच्या आधीच त्याच्या आईबहिणीपर्यंत पोचायचे.

"आणि मिळाला," आबा पुन्हा म्हणाले. "तुकडा नमुन्याला लावला तर कुठला कोणता ते ओळखू येईना. मगनभाईने मला मिठी मारली. म्हणे, सुपडू, आज तो भगवान खुद आया था." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पोरी, देवाने हो म्हटलं गं."

माझ्या पोटातला दगड एकदम खाली गेला. मला वाटलं, संपलं. सांगितलं देवाने. आता मी नाही म्हणाले तर ते हेमराजला नाही, पाळकाला नाही, थेट देवालाच. मी दाराची चौकट धरली.

माय मात्र आबांच्या समोर उकिडवी बसली. तिला रंगातलं कळायचं. इतकी वर्षं ती डाइंगवाल्याचे कपडे धूत होती.

"कसा काय मियना? कधी मियत नही तो."

"तेच ना. चमत्कार."

"ते ऱ्हाऊ द्या. तुम्ही काय काय करं ते सांगा."

"काय करणार? मगनभाईने रंग वजन करून बादली दिली. मी ओतला."

"तसाच?"

"बादलीत निळा जरा कमी वाटला. डोळ्याला कळतं ना. मग ओंजळभर टाकला वरून."

"आनी?"

"पिवळा थोडा मागे ठेवला. आणि वाफ हळूहळू दिली. घाई केली की मोरपिशी फाटतो, सारखा बसत नाही. मधे दोनदा तुकडा काढून पाहिला..."

"आबा," मी म्हणाले, "म्हणजे तुम्हीच जमवलात."

"मग काय बिघडू देऊ?" आबा एकदम तापले. "अख्खा लॉट! पार्टीच्या साड्या! हात आपोआप गेला माझा. लॉट डोळ्यांदेखत बिघडताना बघत बसू का मी?"

माय त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडते. ती हसत होती. तोंडावर पदर, डोळ्यांतून पाणी.

"अहो वर्षाना आबा," तिला बोलता येईना, "तो लोकरवाला... तो रातले उठीसन लोकरवर सोता तांब्याभर पानी टाकी उना व्हता का?"

आबांनी आपल्या निळ्या-हिरव्या नखांकडे बघितलं. मी एवढी घाबरलेली असूनही मला हसू आलं. बिचारा माणूस रात्रभर देवाची खूण बघायला उभा राहिला आणि स्वतःच्या ओंजळीने ती खूण भिजवून आला. त्यात लबाडी पण नव्हती. चांगला कारागीर होता, एवढाच त्याचा गुन्हा.

हसू थांबल्यावर मला एक गोष्ट सुचली. सुचली आणि पोटातला दगड हलला.

"आबा, मोरपिशीच का?"

"म्हणजे?"

"काल रात्री काळ्याचा पण लॉट होता ना तुमचा? परवा म्हणत होता तुम्ही. काळा तर डोळे मिटून मिळतो. काळ्यावर का नाही ठेवली लोकर?"

आबा खांद्यावरच्या टॉवेलचं टोक पिळत बसले.

"काळा काय," ते शेवटी म्हणाले, "काळा नेहमीच मिळतो."

"मग?"

"मग हो आलं असतं ना."

बाहेर भंगारवाला गुजरातीत ओरडत गेला. माय उठली आणि आबांच्या पायातल्या चपला तिनेच काढल्या.

"मला वाटलं," आबा खाली बघत म्हणाले, "देवानेच नाही म्हणावं. म्हणजे काशिनाथ पाळकाला मला काही सांगायची वेळ येणार नाही."

हे ते खरं बोलले. आठवडाभर घरात जेवढ्या प्रार्थना झाल्या त्या सगळ्यांत मिळून एवढं खरं कुणी बोललं नव्हतं. मी तर म्हणते, तीच आमच्या घरातली पहिली प्रार्थना. तोवर आम्ही देवाला फसवत होतो. आबा त्याच्या तोंडून नाही काढू बघत होते, आणि मी माझं नाही त्याच्यापासून लपवत होते. जसं काही त्याला दगड दिसत नव्हता.

आबांनी वर बघितलं. "तुला काय वाटतं, वर्षा?"

"नको, आबा."

"का?"

"नको म्हणून. तो वाईट नाही. मला त्याच्याबरोबर राहायचं नाही."

"देवासमोर सांगतेस?"

"आठवडाभर देवासमोरच बसलेय. तुम्हीच आला नाहीत."

आबांनी डोळे पुसले. डोळ्याखाली मोरपिशी डाग पडला. मग ते जे झोपले ते दिवेलागणीपर्यंत घोरत होते. मायने दोनदा नाकाशी हात धरून बघितला.

रविवारी भक्तीला खोली भरली होती. लोक बातमी ऐकायलाच आलेले. पुष्पाबाई नवी साडी नेसून पुढे बसल्या होत्या. ढोलकीपाशी हेमराज, इस्त्रीचा शर्ट, पण तोंड उतरलेलं. मला तेव्हा ते लक्षात आलं नाही. उपदेश झाला आणि पाळकसाहेब म्हणाले, "सुपडूभाऊंना देवाने काय दाखवलं ते आता ऐकू या."

आबा उभे राहिले. हात मागे बांधलेले.

"सलाम, मंडळी. देवाने मला काही दाखवलं नाही."



"मी लोकर ठेवली होती. मोरपिशीची." आणि त्यांनी सगळं सांगितलं. बादली, ओंजळ, वाफ, मगनभाईची मिठी. डाइंगवाले पुरुष पहिल्यांदा हसले, त्यांना आधी कळलं. मग बायका. "लोकर मीच भिजवली आणि मीच म्हणालो ओली निघाली. मग पोरीला विचारलं. हे मला आधी करायला पाहिजे होतं. ती नाही म्हणते. बाप म्हणून मी पण नाही म्हणतो."

पाळकसाहेबांचं तोंड लाल झालं. "सुपडूभाऊ, विचार करून बोला. ब्रदर हेमराजला मिळालेलं दर्शन खोटं म्हणता तुम्ही?"

आबांची पुन्हा गोगलगाय झाली. त्यांनी मान खाली घातली, आणि मला कळलं की आता ते बसणार. ते बसले की सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

मी उठले. मंडळीत बायकांनी मध्येच उठून बोलायची रीत नाही. मी उठले.

"पाळकसाहेब, मला पण काल रात्री स्वप्न पडलं."

"हं?"

"पांढऱ्या ढगातून तुमची बजाज स्कूटर खाली आली. वर आबा बसलेले. आणि वाणी झाली, ही स्कूटर सुपडूची आहे." मी हात पुढे केला. "देवाची इच्छा आहे. चावी द्या. आमेन म्हणा, मंडळी."

मागून एक म्हातारी सवयीने "आमेन" म्हणून गेली. मग जे हसू फुटलं, पत्रे हलले. आबा पण हसले. पाळकसाहेबांचा हात खरंच खिशावर गेला होता, तो त्यांनी पटकन काढला.

"ही थट्टा आहे!"

"नाही, पाळकसाहेब. तुमच्या स्कूटरबद्दल माझ्या स्वप्नावर तुम्ही विश्वास ठेवत नाही, आणि बरोबर करता. आधी तुम्हाला विचारायला पाहिजे, स्कूटर तुमची आहे. मी पण माझी आहे. आणि माझ्यानंतर देवाची. मध्ये हेमराज कुठे येत नाही."

एवढं बोलून मी उभीच राहिले. वीज पडेल असं अजूनही वाटत होतं. वीज पडली नाही. ढोलकीपाशी हेमराज उठला.

"मला बोलायचंय," तो म्हणाला. घाम पुसला. "दर्शन घडलं होतं. ते खोटं नाही. पांढरी साडी, दिवा, सगळं दिसलं. पण..." त्याने ढोलकीकडे बघितलं. "चेहरा दिसला नव्हता."

"काय?" पाळकसाहेब.

"दिव्याचा उजेड डोळ्यावर येत होता."

"मग वर्षाचं नाव कसं घेतलं तू?"

हेमराजने पुष्पाबाईंकडे बघितलं. सगळ्या खोलीने पुष्पाबाईंकडे बघितलं.

"मी फक्त एवढंच म्हटलं," पुष्पाबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "की आपल्या वर्षासारखी होती का? उंचीला? बाकी तो म्हणाला."

"तुम्ही म्हणालात, वर्षाच असणार, दुसरी कोण आहे लग्नाची," हेमराज कळवळून म्हणाला. "मग मला तशीच दिसायला लागली. शुक्रवारी तोंडातून गेलं आणि सगळे हालेलूया करून उठले. आता खाली बसवायचं कसं? मी रोज प्रार्थना करत होतो, प्रभो, यातून सोडव."

काशिनाथ पाळक आपल्या बायकोकडे बघत राहिले. चिडले होते, पण त्या चिडण्यात नवऱ्याचं ओळखीचं काहीतरी होतं. घरात असलं बऱ्याचदा झालेलं असावं. मग त्यांनी गीतांचं पुस्तक उघडलं, चष्मा लावला, काढला, आणि म्हणाले, "उपकारस्तुतीचं गीत घेऊ या. कुठलंही घ्या." माफी मागितली नाही. ती त्यांनी पुढेही कधी मागितली नाही. पण त्या दिवशी भक्तीनंतर ते आबांच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ नुसते उभे राहिले, आणि आबा त्यांच्यापुढे वाकले नाहीत.

बाहेर चपला शोधताना हेमराज माझ्याजवळ आला.

"सिस्टर, रागावला नाहीत ना?"

"रागावलेय."

"बरोबर आहे." त्याचं तोंड आठवड्यात पहिल्यांदा मोकळं दिसत होतं. "खरं सांगू? मला तुमची भीती वाटते. आजची नाही. पहिल्यापासून."

"मग वाचलास."

"पण मग स्वप्नाचं काय करू? ते तर पडलंय."

मला त्याची दया आली, आणि आधीची चीड पण होतीच. दोन्ही एकदम येऊ शकतात.

"जपून ठेव. पुढे कधी चेहरा दिसला तर आधी तिला जाऊन विचार. ती हो म्हणाली तर मंडळीला सांग. आणि चेहरा दिसला नाही तर पुष्पाबाईंना विचारू नको."

तो खळखळून हसला आणि निघाला. कोपऱ्यावर भरलेली शटल उभी होती. एका पायावर लटकत चढला. या वेळी प्रभूने काय सांगितलं ते बोलला नाही.

आम्ही तिघं पायी घरी निघालो. नाक्यावर लोचोची गाडी होती. लोचो म्हणजे ढोकळ्याचा सैल, चमच्याने खायचा भाऊ. आबांनी तीन बशा सांगितल्या, वर तेल आणि शेव जास्त. बाकड्यावर बसलो. लोचोची वाफ निघत होती. आबांनी डोळे मिटले, हात जोडले, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता प्लेगपासून सुरू.

"प्रभो, उपकार," आबा म्हणाले. "आमेन."

आणि खायला लागले. मायने एक डोळा उघडून त्यांच्याकडे बघितलं. ती अजून हात जोडून बसली होती.

"एवढीच?"

"एवढीच," आबा तोंड भरलेलं असताना म्हणाले. "गरम आहे तोवर खा."

मी पोटावर हात ठेवून पाहिलं. दगड नव्हता. सडकून भूक लागली होती. मी आणखी एक बशी मागितली.